रिकामे फील्ड कोणी अडवायचे? अनिवार्य फील्डच्या पडताळणीची पार्श्वभूमी

अमुक फील्ड भरल्याशिवाय फॉर्म स्वीकारू नये, हे आजच्या वेब फ्रेमवर्कला, म्हणजे संकेतस्थळे बांधण्याच्या तयार सांगाड्याला, एका ओळीत सांगता येते. मात्र हा नियम कोठे लिहायचा आणि रिकामे कशाला म्हणायचे, हे ठरायला बरीच वर्षे लागली. वेबपाने लिहिण्याच्या एचटीएमएल या भाषेच्या नोव्हेंबर १९९५ मधील २.० आवृत्तीत फॉर्म होते, पण एखादे फील्ड अनिवार्य करण्याची सोय नव्हती. भरलेली माहिती सीजीआय या, वेब सर्व्हर व प्रोग्राम यांना जोडणाऱ्या पद्धतीने सर्व्हरवरील प्रोग्रामकडे जाई आणि काही राहिले असेल तर पूर्ण पान परत येई. आधी भरलेली उत्तरे त्या पानात पुन्हा मांडण्याची काळजी प्रोग्रामरने घेतली नसेल, तर वापरणाऱ्याला सगळा फॉर्म नव्याने भरावा लागे.

१९९६ मध्ये नेटस्केप नॅव्हिगेटर २.० या ब्राउझरबरोबर जावास्क्रिप्ट ही ब्राउझरमध्ये चालणारी भाषा आली आणि तपासणी ब्राउझरमध्येच होऊ लागली. वेग वाढला, भरवसा वाढला नाही. स्क्रिप्ट बंद करून किंवा सर्व्हरला थेट विनंती पाठवून ती तपासणी सहज टाळता येते, म्हणून तोच नियम सर्व्हरवरही लिहावा लागे. आणि दोन भाषांत, दोन ठिकाणी लिहिलेले नियम एकमेकांशी जुळते ठेवणे किती कठीण असते, हे अशा प्रणाली सांभाळणाऱ्यांना चांगले ठाऊक आहे. २००२ च्या एएसपी डॉट नेट या मायक्रोसॉफ्टच्या फ्रेमवर्कमधील 'रिक्वायर्ड फील्ड व्हॅलिडेटर' हे या दुहेरी कामावरचे उत्तर होते: नियम एकदाच मांडायचा, तपासणी दोन्हीकडे होईल.

२००४ मध्ये प्रकाशित झालेल्या रेल्स या फ्रेमवर्कने नियम फॉर्ममधून काढून मॉडेलमध्ये, म्हणजे डेटाबेसमधील नोंदी हाताळणाऱ्या कोडमध्ये, नेला. नोंद फॉर्ममधून येवो वा दुसऱ्या कोडमधून, नेहमीच्या मार्गाने जतन करताना तिला तीच अट लागू होते, आणि माझ्या मते ही या इतिहासातील सर्वांत मोलाची सुधारणा आहे. जँगो या दुसऱ्या फ्रेमवर्कने वेगळी वाट धरली. २००७ च्या ०.९६ आवृत्तीत आलेल्या त्याच्या नव्या फॉर्म-रचनेत वेगळे सांगितले नाही तर प्रत्येक फील्ड अनिवार्यच असते. हा कडकपणा योग्यच आहे, कारण सूट द्यायची राहून गेली तर ती चूक पहिल्याच चाचणीत दिसते, तर अट घालायची राहून गेली तर डेटाबेसमध्ये अपुऱ्या नोंदी निमूटपणे साठत जातात.

ब्राउझरला हा नियम स्वतःहून कळू लागला तो एचटीएमएल ५ मधील 'रिक्वायर्ड' गुणधर्मामुळे. ते प्रमाण ऑक्टोबर २०१४ मध्ये अधिकृत झाले, तरी रिकामे फील्ड दाखवून फॉर्म थांबवण्याची सोय सफारीत २०१७ मध्ये आली. जँगो २०१६ च्या १.१० आवृत्तीपासून हा गुणधर्म आपणहून लावतो.

रिकामे कशाला म्हणायचे, यावर मात्र अजूनही एकमत नाही. नुसत्या स्पेस टाकलेले फील्ड ब्राउझर भरलेले मानतो, रेल्स ते रिकामे मानते. पण त्याच न्यायाने रेल्सच्या लेखी 'फॉल्स' (नाही) हे मूल्यही रिकामे ठरते, त्यामुळे हो-नाही स्वरूपाच्या फील्डसाठी वेगळा नियम लिहावा लागतो. जावा या भाषेसाठीच्या २००९ मधील बीन व्हॅलिडेशन या पडताळणी-प्रमाणात 'नॉट नल' (मूल्यच नाही असे नसावे) ही अट होती, परंतु न भरलेले मजकुराचे फील्ड ब्राउझर सहसा रिकाम्या स्ट्रिंगच्या, म्हणजे एकही अक्षर नसलेल्या मजकुराच्या रूपात पाठवतो आणि ती या अटीतून बिनदिक्कत पार होते. रिकामी स्ट्रिंग अडवणारी 'नॉट एम्प्टी' आणि नुसत्या स्पेसही अडवणारी 'नॉट ब्लँक' या अटी प्रमाणात दाखल झाल्या त्या २०१७ च्या २.० आवृत्तीत.