जॉन्सन, फ्रँक मिनिस

(३० ऑक्टोबर १९१८ – २३ जुलै १९९९). अमेरिकेतील अॅलाबामा राज्याच्या मध्य जिल्ह्याचे संघीय न्यायाधीश. वर्णभेदाविरुद्धच्या लढ्यातले अनेक निर्णायक खटले त्यांच्या माँटगोमेरी येथील न्यायालयात चालले. संघीय जिल्हा न्यायालय ही तिथल्या केंद्रीय न्यायव्यवस्थेची पहिली पायरी असून साक्षीपुरावा याच पायरीवर होतो. मात्र आपल्याकडच्या जिल्हा न्यायाधीशावरून त्या पदाचा अंदाज बांधू नये. न्यायाधीशाची नेमणूक सिनेटच्या संमतीने राष्ट्राध्यक्ष करतात, पद तहहयात असते आणि राज्याचा कायदा घटनाबाह्य ठरवण्याचा अधिकार या पायरीवरही असतो.

जॉन्सन यांचा जन्म उत्तर अॅलाबामातल्या विन्स्टन काउंटीत झाला. १८६१ मध्ये अॅलाबामा अमेरिकेतून फुटले, तेव्हा गुलामांचे मोठे मळे नसलेल्या या डोंगराळ भागाने त्याला विरोध केला होता. दक्षिणेत डेमोक्रॅटिक पक्षाची एकहाती सत्ता असताना जॉन्सन घराणे रिपब्लिकन राहिले. अॅलाबामा विद्यापीठातून ते १९४३ मध्ये कायद्याचे पदवीधर झाले. पुढे राज्याचे गव्हर्नर झालेले, वर्णभेदाचे समर्थक जॉर्ज वॉलेस तिथे त्यांच्याबरोबर शिकत होते. दुसऱ्या महायुद्धात युरोपच्या आघाडीवर ते दोनदा जखमी झाले. नंतर जॅस्परला वकिली, १९५३ पासून संघीय सरकारी वकील आणि १९५५ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्याकडून न्यायाधीशपदी नेमणूक, असा त्यांचा प्रवास झाला.

पदावर येऊन काही आठवडे होतात तोच बसमध्ये गोऱ्या प्रवाशाला जागा न देणाऱ्या कृष्णवर्णीय रोझा पार्क्स यांना अटक झाली आणि माँटगोमेरीत बसवरील बहिष्कार सुरू झाला. जून १९५६ मध्ये ‘ब्राउडर विरुद्ध गेल’ खटल्यात तीन न्यायाधीशांच्या पीठाने बसमधील वेगळी आसने दोन विरुद्ध एक मताने घटनाबाह्य ठरवली. जॉन्सन बहुमतात होते. शेजारपाजाऱ्यांनी पाठ फिरवली, घरासमोर क्रॉस (कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेची धमकीची खूण) पेटवला गेला आणि १९६७ मध्ये त्यांच्या आईच्या घरी बॉम्बस्फोट झाला. आई बचावल्या.

वॉलेस यांच्याशी पहिली जाहीर चकमक १९५९ मध्ये झाली. तेव्हा राज्य न्यायालयात न्यायाधीश असलेले वॉलेस मतदार नोंदणीची कागदपत्रे संघीय नागरी हक्क आयोगाला देणार नाही म्हणून गर्जत होते, आणि ती आडमार्गाने पोचवतही होते. कागदपत्रे मिळाली आहेत, म्हणून न्यायालयाचा अवमान झालेला नाही, असा निकाल जॉन्सन यांनी दिला. तुरुंगात जाऊन वीर ठरण्याची वॉलेस यांची संधी हुकली. मार्च १९६५ मध्ये कृष्णवर्णीयांच्या मतदान हक्कासाठीच्या सेल्मा ते माँटगोमेरी मोर्चाला परवानगी देतानाही जॉन्सन यांचा तपशिलावरचा कटाक्ष दिसतो : दुपदरी रस्त्यावर ३०० पेक्षा जास्त माणसे नकोत, ही अट त्यांच्या हुकमात होती. त्याच वर्षी मोर्चाला मदत करणाऱ्या व्हायोला लिउझो यांच्या हत्येतील तीन क्लॅन सदस्यांना त्यांच्या न्यायालयात ज्युरीने दोषी ठरवले आणि त्यांनी प्रत्येकी दहा वर्षांची शिक्षा सुनावली.

मात्र ते चळवळीतले न्यायाधीश नव्हते. टस्कीगी शहराच्या हद्दी बदलून कृष्णवर्णीय मतदारांना बाहेर काढल्याचा ‘गोमिलियन’ खटला त्यांनी फेटाळला होता. १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय उलटवला. १९६१ मध्ये क्लॅनला मनाई करताना त्यांनी ‘फ्रीडम रायडर्स’नाही (आंतरराज्य बसमधील वर्णभेद मोडण्यासाठी प्रवास करणाऱ्या कार्यकर्त्यांनाही) तात्पुरते रोखले.

त्यांचे सर्वांत वेगळे काम बस आणि मोर्चांपेक्षा ‘वायट विरुद्ध स्टिकनी’ (१९७१–७२) खटल्यात आहे, असे म्हणता येईल. टस्कलूसाच्या ब्राइस मनोरुग्णालयात कर्मचारी कपात झाली, त्यातून हा दावा उभा राहिला. सक्तीने डांबलेल्या रुग्णाला उपचाराचा घटनात्मक हक्क आहे, असे त्यांनी ठरवले. पण हक्क जाहीर करून ते थांबले नाहीत. आठ रुग्णांमागे एक शौचालय, पंधरांमागे एक न्हाणी, एका खोलीत फार तर सहा जण, अशी मोजता येतील अशी मानके त्यांनी हुकमाला जोडली. १९७६ मध्ये तुरुंगांबाबतही तेच केले. न्यायाधीश राज्यकारभार चालवू लागला, ही टीका यावरच होती आणि ती अगदीच निराधार नव्हती. राज्याने आपण होऊन काही केले नाही, हेही तितकेच खरे.

१९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी एफबीआय या संघीय तपास संस्थेच्या संचालकपदासाठी त्यांचे नाव पुढे केले, पण प्रकृतीमुळे ते मागे घ्यावे लागले. १९७९ मध्ये ते अपील न्यायालयात गेले. १९९५ मध्ये त्यांना ‘प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम’ मिळाले. वायट खटला त्यांच्या निधनानंतर चार वर्षांनी, २००३ मध्ये निकाली निघाला.