शाळकरी प्रेमकथा (ग्रामीण विदर्भ)

शाळकरी प्रेमकथा म्हणजे साधारण सातवी ते नववीतल्या पोरापोरींना पहिल्यांदा कोणीतरी आवडायला लागतं, ते सांगता येत नाही, मग जळणं, रुसणं, चिडवाचिडवी, चिठ्ठ्या, हे सगळं ज्या कथा-कादंबऱ्यांत आणि पिक्चरमध्ये येतं तो प्रकार. यात लग्न नसतं, पळून जाणं नसतं, बऱ्याचदा दोघं एकमेकांशी धड चार वाक्यंही बोलत नाहीत. अमेरिकेत या वयाच्या पुस्तकांचं कपाटच वेगळं असतं कारण तिथं शाळाच वेगळी निघाली, ज्युनियर हायस्कूल, पहिलं १९०९ मध्ये ओहायोतल्या कोलंबस शहरात. जपानमध्येही १२ ते १५ वयाची तीन वर्षांची शाळा वेगळी असते आणि तिथल्या कितीतरी मांगा चित्रकथा त्याच शाळेच्या वर्गात घडतात.

विदर्भाच्या खेड्यात अशी वेगळी शाळा नाही, पण आठवीला तसंच काहीतरी होतं. गावात झेडपीची शाळा असते चौथीपर्यंत, फार तर सातवीपर्यंत, आणि तिथं वर्गातली अर्धी पोरं एकमेकांची चुलत-मावस निघतात, उरलेली शेजारची, लहानपणी एकाच हौदावर आंघोळ केलेली, त्यामुळे तिथं कोणाला कोणी आवडायचा प्रश्नच येत नाही. आठवीत गेलं की बाजूच्या मोठ्या गावचं हायस्कूल, आणि तिथं पाच-सहा गावची अनोळखी पोरं-पोरी एकदम एका वर्गात येतात. त्यात इकडं ऊन एवढं की शाळा बाकी महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या शेवटी उघडते, म्हणजे पऱ्हाटी (कापूस) टोबायचे दिवस, पांदणीत, म्हणजे शेतांमधल्या कच्च्या वाटेत, चिखल. गोष्ट तिथून सुरू होते.

जाण्यायेण्याचं नीट समजून घेतलं पाहिजे, कारण अर्धी गोष्ट रस्त्यावरच घडते. मानव विकास योजनेत राज्यातले १२५ तालुके आहेत, विदर्भातले बरेच त्यातच येतात, आणि तिथं मुलींना शाळेत जायला एसटीची निळी बस मिळते, आठवीपासून पुढच्या गरजू मुलींना सायकलीही. बस मुलींची, म्हणून पोट्टे मागून आपल्या जुन्या सायकली हाणत येतात. एकाच गावचे, एकाच शाळेत जाणारे, तरी प्रवास वेगळा. सरकारनं मुलींचं शिक्षण सुटू नये म्हणून केलेली सोय, ती चांगलीच आहे, पण लिहिणाऱ्याला त्यात फुकटात विरह मिळाला.

मग वर्ग जोडी लावतो. माझ्या मते इकडच्या गोष्टींतली खरी गंमत ही आहे की प्रेम पोराला स्वतःहून होतच नाही, ते वर्ग ठरवून देतो. हजेरीत दोघांचे नंबर मागंपुढं आले, परिपाठात दोघं शेजारी उभे राहिले, एवढं पुरतं, मागच्या बाकावरून खोकल्याचा आवाज येतो आणि दुसऱ्या दिवशी तिच्या नावानं त्याला हाक मारायला लागतात. वहीच्या शेवटच्या पानावर फ्लेम्स काढतात, म्हणजे दोघांचं नातं प्रेम, लग्न का दुश्मनी ते सांगणारा खेळ, दोन्ही नावांतली सारखी इंग्रजी अक्षरं खोडायची आणि उरलेली मोजायची, स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर जास्त घुसवलं की दुश्मनीचं लग्न होऊन जातं. पोराला तोपर्यंत ती आवडत असते की नाही हे त्यालाच माहीत नसतं. श्रावणात राखीच्या आदल्या दिवशी वर्गात पोट्टे गैरहजर, कारण चिडवणं बंद करायचा पोरींकडं असलेला एकमेव पक्का उपाय म्हणजे सगळ्यांसमोर राखी बांधून टाकणं, आणि काही गोष्टींत मास्तरच पोराला घरून बोलावून आणतात.

प्रेम वर्गानं दिलेलं असतं, जळणं मात्र त्याचं स्वतःचं असतं, म्हणून चांगला लेखक तिथं रेंगाळतो. समजा पांदणीत तिच्या सायकलची चेन उतरली. महिनाभर मागं मागं सायकल चालवणारा आपला हीरो पन्नास पावलांवर थांबतो, कारण जवळ जायची हिंमत नाही, आणि तेवढ्यात दुसरंच पोट्टं उतरून चेन बसवून देतं. बोटं काळीभोर, ती पुसायला काही नाही म्हणून त्यानं पांढऱ्या शर्टालाच पुसली. आता दिवसभर तो ग्रीसचा डाग हीरोच्या पुढच्या बाकावर. गणिताच्या तासाला डाग, भूगोलाला डाग, खिचडीच्या रांगेत डाग. त्या पोट्ट्याला पोरीचं काही पडलेलं नसतं, त्याला घरी शर्टावरून आईचा मार खायचाय. तरी संध्याकाळी दोघांची मारामारी होते आणि कारण सांगतात क्रिकेटचं.

पोरींच्या बाजूनं लिहिलेल्या गोष्टी कमी आहेत, आणि ज्या आहेत त्यात जळणं बहुतेक मैत्रिणीवरून असतं, पोरगा निमित्ताला. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत घरोघरी भुलाबाईची मूर्ती बसते, पोरी घरोघरी जाऊन गाणी म्हणतात आणि झाकलेला खाऊ ओळखायला लावतात. माझी जिवाची मैत्रीण यंदा दुसरीचा हात धरून फिरते, तिच्या घरचा खाऊ मला आधी सांगत नाही, यावरून जेवढा जीव जळतो तेवढा कोण्या पोट्ट्यावरून जळत नाही, आणि हे पुरुष लेखकांच्या लक्षात फारसं येत नाही.

मराठीत या वयाची सगळ्यात गाजलेली कादंबरी मिलिंद बोकीलांची ‘शाळा’, २००४ ची, आणीबाणीच्या काळातली, नववीतल्या मुकुंदाला शिरोडकर आवडते त्याची. त्यातलं गाव निमशहरी आहे, विदर्भातलं नाही. नागराज मंजुळेंचा ‘फँड्री’ हा पिक्चर (२०१३) सुद्धा इकडचा नाही, पण त्यातल्या जब्याला त्याला आवडणारी शालू का मिळणार नाही हे त्यात जातीवरून कळतं, आणि ते इकडच्या कोणत्याही खेड्याला जसंच्या तसं लागू पडतं. जोडी लावताना वर्ग जात पाहतोच. चिडवताना काही जोड्या लावतच नाहीत, आणि लेखकानं त्या गाळलेल्या जोड्या दाखवल्या तर गोष्ट एकदम वर जाते.

वऱ्हाडीचा एक घोळ नेहमी दिसतो. संवाद असतात ‘काहून बोलून नाही राह्यली माह्याशी?’ असे झकास, पण पोट्टं एकटं बसलं की त्याच्या मनातलं सगळं पुस्तकी मराठीत येतं. हसायला वऱ्हाडी आणि रडायला पुणेरी, हे काही खरं वाटत नाही, इकडचं पोरगं रडताना पण ‘मले’च म्हणतं.

चिठ्ठीची जागा आता मोबाइलनं घेतली, २०२० मध्ये कोरोनात शाळाच फोनवर गेली तेव्हापासून जास्तच. पण घरात फोन एकच, तो दिवसभर बापासोबत वावरात, संध्याकाळी भावाच्या हातात आणि अभ्यासाच्या नावानं अर्धा तास पोरीला. पोट्टं स्टेटसला गाणं ठेवतं आणि कोणी पाहिलं ती यादी रात्रभर उघडून पाहतं. यादीत तिच्या घरचा नंबर दिसतो. आता तो तिनं पाहिला, भावानं, का बापानं, हे सकाळी शाळेच्या गेटवर गेल्याशिवाय कळत नाही.