निहाली ही कोरकूची बोली नव्हे

बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोद भागात बोलली जाणारी निहाली म्हणजे कोरकू या आदिवासी भाषेचीच मोडकीतोडकी बोली, किंवा चोरांची सांकेतिक भाषा, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे खरं नाही. कोरकूतून तिनं भरपूर शब्द घेतलेत, हे मान्य. मराठीनं फारसीतून कमी घेतलेत का? पण डोळ्याला कोरकूत ‘मेद’, निहालीत ‘जिकी’. पाण्याला तिकडे ‘दा’, इकडे ‘जोप्पो’. उसने शब्द बाजूला काढले की उरणारा गाभा जगातल्या कुठल्याच भाषाकुळाशी जुळत नाही. बोलणारे जेमतेम दोन-अडीच हजार. ‘बोली’ म्हणून झटकलं की नोंदणीही मागे पडते, आणि म्हातारी माणसं तर थांबणार नाहीत. रेकॉर्डिंग आत्ताच व्हायला हवं.