वेबसाइटचं मोफत एसएसएल प्रमाणपत्र: पात्रता, कागदपत्रं आणि आठवड्याची मर्यादा

बेळगाव सीमाभागात खानापूर, निपाणीपासून शहापूर, टिळकवाडीपर्यंत आपली वाचनालयं, पतसंस्था, गणेश मंडळं आता स्वतःची वेबसाइट काढतात. ब्राउझरमधला ‘नॉट सिक्युअर’ शिक्का घालवायला बहुतेक जण लेट्स एन्क्रिप्ट या ना-नफा सेवेचं एसएसएल प्रमाणपत्र, म्हणजे वेबसाइटशी होणारी देवाणघेवाण सुरक्षित करणारा डिजिटल दाखला, घेतात.

पात्रता एकच, डोमेन म्हणजे वेबसाइटचं नाव तुमच्या ताब्यात हवं. आधार, नोंदणी दाखला, संस्थेचा ठराव, काहीच लागत नाही. अर्ज कन्नडमध्ये भरायचा की मराठीत, हा आपला नेहमीचा प्रश्नही इथे उद्भवत नाही, कारण अर्ज सर्व्हरवरचा सर्टबॉटसारखा प्रोग्रामच करतो. ताबा सिद्ध करायला वेबसाइटवर ठरावीक फाइल किंवा डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेन कोणत्या सर्व्हरकडे न्यायचं ते सांगणाऱ्या नोंदवहीत, टीएक्सटी ही मजकुराची नोंद लागते.

घोडं अडतं ते मर्यादेपाशी. एका डोमेनला 7 दिवसांत 50 नवी प्रमाणपत्रं मिळतात. समजा, तालुक्यातल्या 60 मंडळांना एकाच डोमेनखाली सबडोमेन (पोटनाव) दिलं आणि चतुर्थीच्या तोंडावर प्रत्येकासाठी वेगळं प्रमाणपत्र मागितलं, तर शेवटची 10 मंडळं लटकतील. मग साधारण 202 मिनिटांना एक, अशी वाट पाहायची. त्यापेक्षा एकाच प्रमाणपत्रात 100 पर्यंत नावं घाला, किंवा सरळ वाइल्डकार्ड, म्हणजे सगळ्या सबडोमेनना चालणारं एकच प्रमाणपत्र, घ्या. वाइल्डकार्डला मात्र डीएनएसचीच पद्धत चालते.

खरा त्रास दुसऱ्या मर्यादेचा. नेमक्या त्याच नावांचं प्रमाणपत्र 7 दिवसांत 5 वेळाच मिळतं. सर्व्हर पुसून पुन्हा पुन्हा सेटअप करणारी मुलं हमखास इथे अडकतात. जुनं प्रमाणपत्र रद्द केलं तरी गेलेली संधी परत येत नाही, आणि ही मर्यादा अर्ज करूनही वाढवून मिळत नाही. पुढची संधी सुमारे 34 तासांनी. म्हणून प्रमाणपत्रांच्या फोल्डरचा बॅकअप आधी घ्या, आणि चाचणी कायम लेट्स एन्क्रिप्टच्या स्टेजिंग, म्हणजे सरावाच्या, सर्व्हरवर करा. सर्टबॉटला ‘ड्राय-रन’ सांगितलं की तो तिकडेच जातो.

डोमेनच्या ताब्याची पडताळणी फसली तर एका नावाला तासाला 5 प्रयत्न. पाचही वाया घालवण्याआधी सर्व्हरचं पोर्ट 80 (फाइल तपासायला येण्याची वाट) उघडं आहे का, डीएनएस जुन्या सर्व्हरकडे तर बोट दाखवत नाही ना, ते पाहा.

50 ची मर्यादा वाढवण्यासाठी ऑनलाइन फॉर्म आहे, पण निर्णयाला काही आठवडे लागू शकतात. सण आठ दिवसांवर आला असताना त्याच्या भरवशावर राहू नका.

नेहमीचं प्रमाणपत्र 90 दिवस चालतं. मुदत संपत आल्याची ईमेल 2025 च्या जूनपासून येत नाही. पतसंस्थांनी तर आपोआप नूतनीकरण चालू आहे का, हे आजच आपल्या वेबसाइटवाल्याला विचारावं.