फौजेतून आयटीआयच्या बाकापर्यंत: माजी सैनिक निदेशकांची पार्श्वभूमी

आयटीआयमधल्या एखाद्या जुन्या फौजी सरांचा विषय निघाला की माजी विद्यार्थ्यांना आठवते ती संध्याकाळची हत्यारांची मोजणी. एक सेंटर पंच (भोकाची जागा ठोकून खुणावायचं टोकदार हत्यार) कमी भरला तरी सगळी बॅच थांबायची. ‘फौजेतले होते, शिस्त असणारच’ असं म्हणून बोलणं तिथेच आटोपतं. पण ही सवय परेड ग्राउंडवरची नव्हे, फौजेच्या वर्कशॉपमधली आहे. आणि खुद्द आयटीआयची मुळंही बरीचशी त्याच बाजूला जातात, हे फारसं कोणाच्या लक्षात नसतं.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला, १९३९ मध्ये, भारतीय सैन्यात सुमारे दोन लाख माणसं होती. १९४५ पर्यंत ती पंचवीस लाखांच्या घरात गेली. ट्रक, रणगाडे, वायरलेस संच त्याच वेगाने वाढले, पण ते दुरुस्त करणारे हात नव्हते. म्हणून १९४० मध्ये युद्धासाठी तंत्रज्ञ घडवण्याची योजना निघाली आणि जोडारी (फिटर), कातारी (टर्नर), संधाता (वेल्डर), वीजतंत्री यांना काही महिन्यांत तयार करण्याची घाई सुरू झाली. दुरुस्तीचं काम तोवर मुख्यतः शस्त्रसामग्री पुरवणाऱ्या ऑर्डनन्स कोअरकडे होतं. १५ ऑक्टोबर १९४३ ला त्यासाठी स्वतंत्र कोअर उभी राहिली, तीच आजची ईएमई, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स अँड मेकॅनिकल इंजिनिअर्सची कोअर. पुढे आयटीआयत आलेल्या फौजी निदेशकांपैकी, म्हणजे धंदा शिकवणाऱ्या सरांपैकी, अनेक जण याच कोअरचे.

युद्ध संपलं आणि प्रश्न उलटा झाला: एवढ्या सैनिकांना घरी पाठवायचं, पण पोट कशावर भरणार? जुलै १९४५ मध्ये केंद्रात पुनर्वसन आणि रोजगाराचं महासंचालनालय स्थापन झालं ते याचसाठी. सेवायोजन कार्यालयं आणि धंदेशिक्षणाची केंद्रं हे त्याचे दोन हात. फाळणीनंतर तीच केंद्रं निर्वासितांसाठी उघडली. शिकवणाऱ्यांना शिकवायची सोय १९४८ मध्ये बिलासपूरजवळ कोनी इथे झाली आणि १९५० मध्ये शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली, म्हणजे आपली आयटीआय. १९५६ मध्ये रोजचा कारभार राज्यांकडे आला. अभ्यासक्रम आणि प्रमाणपत्र यांची सूत्रं मात्र केंद्राकडेच राहिली.

महाराष्ट्रात याहून जुना धागा पुण्याच्या खडकीत सापडतो. पहिल्या महायुद्धात अपंग झालेल्या सैनिकांना हातातलं काम शिकवण्यासाठी मुंबईच्या गव्हर्नरांच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांनी १९१७ मध्ये मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट काढली. ती पुढे खडकीला हलली आणि आजही तिथेच आहे.

सैनिकच निदेशक का झाले, याचं उत्तर बरंचसं वयात आहे. जवानाची पेन्शन पंधरा वर्षांच्या सेवेवर बसते. अठरा-वीसाव्या वर्षी भरती झालेला माणूस चाळिशीच्या आत बाहेर पडतो. हातात कसब, घरी शाळकरी मुलं आणि पुढे वीस वर्षं काम करायची ताकद. महाराष्ट्राच्या राज्य सेवेत गट क आणि ड मध्ये माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे, आणि शिल्प निदेशकाचं पद गट क मधलं. अडायचं ते कागदावर. फौजेतला ‘क्लास वन’ ट्रेड, म्हणजे कसबाची वरची श्रेणी, नागरी प्रमाणपत्राच्या कुठल्या पायरीशी जुळतो, या समकक्षतेच्या प्रश्नावर कितीतरी अर्ज लटकले. हाताखालून शेकडो इंजिनं गेलेला माणूस दहावीची गुणपत्रिका शोधत फिरतो, हे चित्र काही कौतुकाचं नाही.

आता वर्कशॉपमधल्या कामाच्या बाकाकडे. फील्ड वर्कशॉपमध्ये पाना कमी भरला तर तो दुरुस्त केलेल्या गाडीत राहिलेला असू शकतो, म्हणून मोजणी हा दुरुस्तीचाच शेवटचा टप्पा. छिन्नीचं डोकं घाव खाऊन छत्रीसारखं पसरलं की त्याच्या कडेचा तुकडा उडून डोळ्यात जातो. म्हणून ती आधी ग्राइंडरवर नेऊन कड मारायची, मगच हातोडा. नवी कानस थेट बिडाच्या ओतीव सालीवर घातली तर दात पहिल्याच तासात बोथट होतात. ती आधी पितळेवर चालवायची, आणि बिडाची साल काढायला जुनी कानस ठेवायची.

कानसकामात नव्या मुलाचा जॉब (घडवायला दिलेला तुकडा) मधे फुगतो, कडांना उतरतो. मुलाला वाटतं कानस खराब आहे. खरी चूक दाबाची असते. स्ट्रोकच्या सुरुवातीला पुढच्या हाताचा दाब जास्त हवा, मधोमध दोन्ही हातांचा सारखा, शेवटी मुठीकडचा जास्त; हा बदल जमला नाही की कानस झोपाळ्यासारखी डुलते. व्हाइस, म्हणजे जॉब पकडणारा शिकंजा, कोपराच्या उंचीला नसेल तर जमलेला हातही बिघडतो. परतीच्या स्ट्रोकला दाब काढायचा, कारण दात पुढे जातानाच कापतात. मऊ लोखंडाचा कीस दातांत अडकला की पृष्ठभागावर खोल ओरखडे येतात. त्यावर उपाय म्हणजे दातांवर खडू घासायचा आणि तारेच्या ब्रशने दातांच्या दिशेने झाडायचं. एम १० च्या, म्हणजे १० मिमी व्यासाच्या, आट्यासाठी ८.५ मिमीचं ड्रिल लागतं. ते न मिळाल्याने कोणी ८ मिमीवर भागवलं, किंवा अर्धा फेरा पुढे घेऊन कीस तोडायला पाव फेरा मागे घ्यायला विसरला, की टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, भोकातच मोडतो. टॅपचा तो कडक पोलादी तुकडा साध्या ड्रिलने निघत नाही, आणि दोन दिवसांचा जॉब जातो.

हे सगळं फौजी निदेशक उत्तम शिकवत. उणं पडायचं ते ड्रॉइंग आणि फिट, म्हणजे दोन भाग एकमेकांत किती घट्ट-सैल बसावेत, यांत. फील्डमध्ये प्रश्न असतो, सकाळपर्यंत गाडी चालेल का. कारखान्यात प्रश्न असतो, हजार शाफ्ट कुठल्याही हजार भोकांत सारखेच बसतील का. २५ मिमी एच ७ भोकाची (एच ७ म्हणजे मापात किती फरक चालेल त्याची इयत्ता) हद्द २५.००० ते २५.०२१ मिमी. ०.०२ मिमी वाचणाऱ्या व्हर्नियरने ती ठरवताच येत नाही, गो-नो गो प्लग गेज लागतो: त्याचं एक टोक भोकात जायलाच हवं, दुसरं जाता कामा नये. ‘हाताला बरोबर बसतंय’ या कसोटीवर वाढलेल्या माणसाला हा फरक पटायला वेळ लागे. निदेशक प्रशिक्षणाचं एक वर्ष ज्यांनी मन लावून केलं, त्यांचे विद्यार्थी मात्र शिकाऊ उमेदवारीत वेगळे दिसायचे.

निवृत्तीच्या आठवड्यात अशा सरांकडे एकच काम उरायचं: डेड स्टॉक रजिस्टर, म्हणजे टिकाऊ सामानाची नोंदवही, घेऊन चार्ज देणं. प्रत्येक व्हाइस, सरफेस प्लेट, ड्रिल मशीन नव्या निदेशकासमोर नोंदीशी ताडून बघायचं. कानशी, हॅक्सॉ ब्लेड, टॅप या खपाच्या वस्तू, त्यांचं रजिस्टर वेगळं. तिथे मोडलेल्या टॅपचे तुकडे तारखेसह पुडीत बांधून ठेवलेले असायचे, कारण तुकडा दाखवल्याशिवाय निर्लेखनाची, म्हणजे वस्तू नोंदीतून कमी करायची, सही होत नाही.