पोट गच्च होण्याची अठराशे वर्षं: जुनाट गॅस्ट्रायटिस आणि चिनी काढे

मावशीच्या एंडोस्कोपीच्या रिपोर्टमध्ये 'क्रॉनिक गॅस्ट्रायटिस' (जठराच्या अस्तराची जुनाट सूज) आलं आणि त्याच आठवड्यात मावसभाऊ चीनमधल्या यीवूहून माल घेऊन परत आला, येताना पोटाच्या चिनी ग्रॅन्यूल्सचे दोन डबे पण घेऊन आला, म्हणाला तिकडे घरोघरी हेच घेतात. मावशीने मला फोन केला, "तू जरा वाच काय आहे ते, मग घेते." मग मी वाचत सुटले. "चिनी औषधाने गुण येतो का" हे सगळेच विचारतात, पण ते औषध मुळात कशासाठी तयार झालं हे आधी कळायला हवं असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे लिहितेय.

सुरुवात होते झांग झोंगजिंग या वैद्यापासून, हान घराण्याचा शेवटचा काळ, साधारण इसवी सन २००च्या आसपास. आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत तो लिहितो की आमचं दोनशेच्या वर माणसांचं कुळ होतं, दहा वर्षांच्या आत त्यातली दोन तृतीयांश माणसं गेली आणि गेलेल्यांतली दहापैकी सात तापाने. ग्रंथही तापावरच आहे. पोटाचा विषय येतो तो असा, की तापाच्या रोग्याला चुकीच्या वेळी जुलाबाचं औषध दिलं गेलं आणि त्यानंतर छातीखाली नुसतं भरून आल्यासारखं होतं, दुखत मात्र नाही. याला तो 'पी' म्हणतो. आपल्याकडे "पोट गच्च झालंय, दोन घास खाल्ले की पुरे" म्हणतात ना, अगदी तेच. म्हणजे यावरचा त्याचा काढा जन्माला आला तोच मुळी चुकलेल्या उपचाराने झालेलं नुकसान भरून काढायला!

त्या काढ्याचं नाव बानशिया शिएशिन तांग, आणि आजही चीनमध्ये गॅस्ट्रायटिससाठी तो लिहून देतात. त्यात सात गोष्टी. बानशिया हा कंद आपल्या अळू-सुरणाच्या कुळातला, कच्चा खाल्ला तर अळूसारखाच घसा खाजवतो, म्हणून आल्याबरोबर वगैरे प्रक्रिया केल्याशिवाय पोटात घेत नाहीत. मग सुंठ, जिनसेंग, ज्येष्ठमध, बारा लाल बोरं (आपल्या बोराच्याच जातीतली, सुकवलेली) आणि दोन कडू मुळ्या, हुआंगचिन आणि हुआंगलियन. हुआंगलियनमधलं पिवळं कडू द्रव्य म्हणजे बर्बेरिन, तेच जे आपल्या दारुहळदीत असतं. सुंठेसारखं गरम आणि हुआंगलियनसारखं थंड एकाच भांड्यात, कारण तिखटाने अडलेलं मोकळं करायचं आणि कडूने वर आलेलं खाली उतरवायचं. आणि उकळायचं पण दोनदा, दहा माप पाण्याचं सहा करायचं, चोथा काढून टाकायचा, मग नुसतं पाणी परत आटवून तीन माप, आणि दिवसातून तीनदा एकेक माप कोमट घ्यायचं. इतकं बारीक लिहून ठेवलंय त्या माणसाने.

नंतरचं मोठं नाव ली दोंगयुआन. १२३२ साली मंगोलांनी कायफेंग या चिनी शहराला वेढा घातला, वेढा उठल्यावर शहरात माणसं पटापट मरायला लागली. तो लिहितो की बारा दरवाज्यांतून रोज, एकेका दरवाज्यातून हजार-दोन हजार प्रेतं बाहेर जात होती आणि हे जवळजवळ तीन महिने चाललं. बाकीचे वैद्य बाहेरून आलेली थंडी समजून औषधं देत होते, पण याचं म्हणणं असं की माणसं महिनोन्‌महिने उपाशी, घाबरलेली, थकलेली होती, त्यांचं पोटच मोडून गेलंय. त्यातूनच १२४९ चा 'पीवेई लुन', म्हणजे प्लीहा आणि जठरावरचा ग्रंथ. आधी पचन सावरा मग बाकीचं, हा चिनी वैद्यकातला आग्रह त्याने पक्का केला.

गॅस्ट्रायटिस हे नाव मात्र या सगळ्यात कुठेच नाही. असणार तरी कसं, जिवंत माणसाच्या जठरात नीट डोकावता आलं तेच १९३२ साली, जर्मनीत रुडॉल्फ शिंडलरने वाकणारी दुर्बीण आणली तेव्हा. चीनमध्ये १९५६ ला बीजिंग, शांघाय, ग्वांगझू आणि चेंगदूला पारंपरिक वैद्यकाची सरकारी कॉलेजं निघाली आणि जुनं-नवं एका छताखाली आलं, आजाराचं नाव एंडोस्कोपीवरून ठरवायचं आणि काढा जीभ, नाडी, लक्षणं बघून. इथेच खरा गोंधळ आहे असं मला वाटतं. 'पी' ही तक्रार आहे आणि गॅस्ट्रायटिस ही अस्तरावरची सूज. कुणाला भरपूर सूज असून काहीच त्रास नसतो, कुणाला गच्च होतं पण अस्तर स्वच्छ. काढ्याने बरं वाटलं म्हणजे सूज गेली असं होत नाही.

त्यात १९८२ ला ऑस्ट्रेलियात पर्थला वॉरन आणि मार्शलने हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू दाखवला, मार्शलने १९८४ ला तो स्वतः पिऊन गॅस्ट्रायटिस ओढवून घेतला, २००५ ला दोघांना नोबेल. अस्तर वर्षानुवर्षं सुजून पातळ झालं की पुढे कॅन्सरकडे जाऊ शकतं, म्हणून जिथे पोटाचा कॅन्सर जास्त त्या चीनच्या शानदोंग प्रांतातल्या लिनछू तालुक्यात १९९५ ला ३,३६५ लोकांवर मोठा प्रयोग सुरू झाला. दोन आठवडे अँटिबायोटिक आणि ॲसिड कमी करायची गोळी, किंवा सात वर्षं व्हिटॅमिन, किंवा सात वर्षं लसणाचा अर्क. बावीस वर्षांनी, २०१९ मध्ये हिशोब आला. जंतूवरच्या त्या दोन आठवड्यांनी कॅन्सरचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आणलं. लसणाने पोटाच्या कॅन्सरचे मृत्यू कमी झाले, कॅन्सर होण्याचं प्रमाण मात्र ठामपणे कमी झालेलं दिसलं नाही. लसूण म्हणजे काही बानशियाचा काढा नव्हे हे मान्य, पण घरगुती वस्तूला इतकी वर्षं नेटाने तपासलं याचं मला फार कौतुक वाटतं.

आता मावशीचे डबे. ते सानजिउ वेइताई निघालं, सैन्याच्या ग्वांगझूमधल्या हॉस्पिटलच्या फॉर्म्युल्यावरून शेनझेनमध्ये १९८५ ला कारखाना निघाला त्याचं. नाव त्यातल्या दोन वनस्पतींवरून, सानचाकू आणि जिउलीशियांग. जिउलीशियांग म्हणजे चक्क कुंती! मावशीच्या अंगणात कुंपणाला आहे ती, पाऊस पडला की पांढऱ्या फुलांनी भरते. त्यातलं मुशियांग म्हणजे आपलं कोष्ठ, हिमालयातलं, पूर्वी भारतातूनच समुद्राने ग्वांगझूला जायचं.

पण या मुशियांगपाशी जपायला हवं. चिंगमुशियांग नावाचं दुसरंच मूळ, तेही पोटदुखीला देत, आणि त्यात ॲरिस्टोलोकिक ॲसिड असतं ज्याने किडनी जाते आणि कॅन्सरही होतो. बेल्जियममध्ये १९९०च्या सुमारास वजन कमी करायच्या गोळ्यांत अशीच एका मुळीच्या जागी हेच ॲसिड असलेली दुसरी गेली आणि शंभरावर बायकांच्या किडन्या खराब झाल्या. चीनने चिंगमुशियांग २००४ ला काढून टाकलं. ज्येष्ठमधाचं पण तसंच, नेदरलँड्समध्ये १९४६ ला एका डॉक्टरने अल्सरला त्याचा गुण नोंदवला, त्यावरून पुढे कार्बेनॉक्सोलोन हे औषध निघालं, पण अंगावर सूज आणि बीपी वाढणं हे त्या दोघांच्याही मागे लागलं. मावशीला बीपी आहे, म्हणून बानशियाचा काढा तर तिला नकोच म्हटलं मी.

डबे घेऊन आम्ही दोघी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी घटकांची यादी शांतपणे ऐकली, रागावले नाहीत, पण बायोप्सीत जंतू सापडलाय म्हणून आधी चौदा दिवसांचा कोर्स पूर्ण करा म्हणाले आणि तोवर ग्रॅन्यूल्स बंद. कोर्स मंगळवारी संपला. चार आठवड्यांनी जंतू गेला का बघायला श्वासाची टेस्ट आहे, त्याच्या आधी दोन आठवडे ॲसिडिटीची गोळी घ्यायची नाही, मावशीने कॅलेंडरवर गोल करून ठेवलाय.