टर्नटेबलची गुणगुण: पॉवर सप्लायची की अर्थिंगची?

सुई तबकडीवर टेकलेलीही नसताना स्पीकरमधून जो घुमणारा आवाज येतो, त्याला आपण सरसकट ‘हम’ म्हणतो, आणि दुरुस्तीला नेल्यावर बहुतेक वेळा पहिला हात कंडेन्सरलाच लागतो. वस्तुतः या एका नावाखाली दोन वेगळे दोष असतात. एक पॉवर सप्लायमध्ये जन्मतो, तर दुसरा पिकअपच्या (सुईच्या कंपनांचा विद्युत सिग्नल बनवणाऱ्या भागाच्या) बारीक तारांमध्ये बाहेरून शिरतो. एकावरचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

दोन्ही आवाज एकाच विजेतून येतात, म्हणून गोंधळ होतो. आपल्या घरातील वीज ५० हर्ट्झची असते. मोटर, ट्रान्सफॉर्मर किंवा सुटलेल्या अर्थिंगमुळे तारांत शिरणारी गुणगुण मुख्यतः याच ५० हर्ट्झची असते. पॉवर सप्लायमध्ये मात्र चार डायोडांचा (वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागांचा) ब्रिज विजेच्या दोन्ही अर्धलहरी वापरतो, त्यामुळे फिल्टर कंडेन्सरकडून गाळायचा राहून गेलेला रिपल (डीसीवर उरलेली लहर) दुप्पट, म्हणजे १०० हर्ट्झचा असतो. दोन्हींचा स्वर तोच, अंतर एका सप्तकाचे. काळी एकमध्ये लावलेल्या तानपुऱ्याचा आवाज ज्यांच्या कानात आहे, त्यांना ही खूण सहज पटेल: १०० हर्ट्झ त्याच्या पंचमाच्या तारेच्या किंचित खाली येते, तर ५० हर्ट्झ खर्जाच्याही खाली जाते. शिवाय रिपलमध्ये वरचे स्वरांश भरपूर असल्याने तो जवारी लावल्यासारखा झणझणतो. बाहेरून शिरलेली गुणगुण सहसा अधिक गोल आणि जड वाटते. (जुन्या स्वस्त संचात एकच डायोड असेल, किंवा ब्रिजमधील एखादा डायोड उघडा पडला असेल, तर रिपलही ५० हर्ट्झचाच होतो, म्हणून केवळ कानावर विसंबू नये.)

खात्रीची परीक्षा सोपी आहे. व्हॉल्यूम शून्यावर आणूनही आवाज तसाच राहिला, तर दोष ॲम्प्लिफायरच्या शेवटच्या भागात किंवा त्याच्या सप्लायमध्ये आहे. व्हॉल्यूमबरोबर तो वाढत असेल, तर संच बंद करून टर्नटेबलच्या पिना फोनो प्रीॲम्पमधून (पिकअपचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या भागातून) काढाव्यात, त्या जागी शॉर्टिंग प्लग (इनपुटची दोन्ही टोके एकमेकांना जोडणारे) लावावेत आणि संच पुन्हा सुरू करावा. आवाज उरला तर प्रीॲम्पचा सप्लाय तपासावा; नाहीसा झाला तर कंडेन्सरला हात लावू नये, कारण दोष टर्नटेबलकडून येणाऱ्या तारांत किंवा अर्थिंगमध्ये आहे.

जळगावच्या माझ्या घरी मी हीच परीक्षा आधी न केल्यामुळे दोन कंडेन्सर विनाकारण बदलले गेले. शेवटी प्रीॲम्पच्या मागील अर्थच्या स्क्रूखाली पाहिले, तेव्हा टर्नटेबलकडून येणाऱ्या बारीक हिरव्या वायरची पट्टी काळवंडलेली आणि सैल होती. टोनआर्मच्या (सुई धरणाऱ्या दांडीच्या) धातूला बोट लावले की आवाज बदलत असे, ही खूण मी तोपर्यंत दुर्लक्षित केली होती. पट्टी पॉलिश पेपरने घासून स्क्रू आवळल्यावर खोली शांत झाली. मूव्हिंग मॅग्नेट (सुईबरोबर चुंबक हलणाऱ्या) पिकअपचा सिग्नल जेमतेम ३ ते ५ मिलिव्होल्ट असतो, त्यातच आरआयएए दुरुस्तीमुळे (तबकडीवर घटवून कोरलेले खालचे स्वर प्रीॲम्पमध्ये पुन्हा उचलण्याच्या ठरावीक पद्धतीमुळे) ५० हर्ट्झ हे १ किलोहर्ट्झच्या तुलनेत सुमारे १७ डेसिबलने उचलले जाते. त्यामुळे एवढासा सैल सांधाही मोठा आवाज करतो.

पॉवर सप्लायचा दोष खान्देशात एका खास रूपात भेटतो. गावाकडे शेतीपंप सुरू झाले की व्होल्टेज उतरते. समजा, प्रीॲम्पमध्ये १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आणि ७८१२ रेग्युलेटर (१२ व्होल्ट स्थिर ठेवणारी चिप) आहे. २३० व्होल्टवर लहरीच्या शिखरातून डायोडांमधील घट वजा जाता रेग्युलेटरला सुमारे १५.५ व्होल्ट मिळतात, आणि त्याला लागतात किमान १४. वीज १९० व्होल्टवर आली की हाती उरतात जेमतेम १२.६. मग रेग्युलेटरचा आधार सुटतो आणि १०० हर्ट्झचा रिपल थेट पुढे जातो. अशी गुणगुण ठरावीक वेळेलाच येते आणि व्होल्टेज सुधारले की थांबते. तिला नवा कंडेन्सर पुरत नाही, १५ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर किंवा चांगला स्टॅबिलायझर लागतो. याउलट दिवसभर एकसारखी राहून वर्षागणिक वाढणारी १०० हर्ट्झची घरघर ही सुकलेल्या कंडेन्सरची असते. तापमान १० अंशांनी वाढले की इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरचे आयुष्य साधारण निम्मे होते, आणि आपल्याकडील मे महिन्यात बंद कपाटातील संचाला काय सोसावे लागते ते वेगळे सांगायला नको. तो बदलताना संच प्लगपासून सोडवावा आणि साठलेला भार रेझिस्टरमधून उतरू द्यावा.

अर्थ लूपचा प्रकार बाहेरून शिरणाऱ्या दोषाचाच भाऊ आहे: दोन तीनपिनी उपकरणे वेगवेगळ्या सॉकेटवर असली, की अर्थिंग आणि सिग्नलच्या शिल्डेड वायरची बाहेरची जाळी जोडली जाऊन वर्तुळ तयार होते. दोन्ही उपकरणे एकाच बोर्डावर घ्यावीत आणि टर्नटेबल ॲम्प्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरपासून दूर सरकवावे. प्लगची अर्थ पिन मात्र कधीही कापू नये. आवाज थांबतो, पण ट्रान्सफॉर्मरचे इन्सुलेशन गेल्यास धातूच्या पेटीवर पूर्ण २३० व्होल्ट येऊ शकतात.